समुद्रतळाचे फोरॅमिनिफेरा नाशकात बसून कसे अभ्यासायचे?

नाशिकचाच एक मुलगा आहे, एमएस्सी जिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला, त्याने विचारलंय: "मॅडम, डिझर्टेशनला समुद्रतळावरचे फोरॅमिनिफेरा (कवच बांधणारे सूक्ष्म एकपेशीय जीव) घ्यायचे म्हणतोय, पण सगळे म्हणतात नाशकात काळ्या दगडाशिवाय आहे काय, समुद्र कुठून आणणार. आणि नुसत्या कवचावरून तिथलं पाणी, ऑक्सिजन, प्रदूषण खरंच सांगता येतं का, की जो तो आपल्याला हवा तो अर्थ लावतो?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते कारण तो जास्त महत्त्वाचा आहे. हो, सांगता येतं, आणि फार बारकाईने सांगता येतं, पण ते कवच ज्याचं होतं तो जीव त्याच जागी जगला होता का आणि गाळात किती खोल राहात होता एवढं माहीत असेल तरच. मी गेली वीसेक वर्षं हे काम करतेय आणि जिथे जिथे निष्कर्ष चुकलेले बघितले, माझे धरून, तिथे बहुतेक वेळा याच दोन गोष्टी कुणी विचारलेल्या नव्हत्या.

आधी तो जीव डोळ्यासमोर आण. फोरॅम, म्हणजे फोरॅमिनिफेराच, एकपेशीय आहे, एकच पेशी, पण स्वतःभोवती कवच बांधते, आणि बहुतेक जातींमध्ये वाढेल तशी एकेक खोली जोडत जाते. काही जातींचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, काही जाती वाळूचे कण गोळा करून चिकटवतात. १८२६ मध्ये दॉर्बिन्यीने यांचं पहिलं मोठं वर्गीकरण केलं तेव्हा ते त्याला गोगलगायीच्या जातकुळीतले, नॉटिलससारखे छोटे प्राणी वाटले होते, ती सुंदर वळणदार कवचं बघून कुणालाही वाटेल, मग १८३५ मध्ये दुजार्दँने जिवंत फोरॅम बघून दाखवलं की आत ना डोकं ना पाय, नुसता जीवद्रव्याचा गोळा आहे आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे बाहेर येतात. त्या धाग्यांनीच तो सरकतो, खातो, घरही बांधतो. पाण्यात तरंगणाऱ्या जाती सुमारे ५० च, बाकी हजारो जाती तळाच्या. तुला नाशिकच्या भाषेत सांगायचं तर क्विंक्वेलोक्युलिना भिंगाखाली घेतलास तर हुबेहूब लसणाचा छोटा गड्डा, पाकळीवर पाकळी बसवलेली, फक्त लांबी अर्धा मिलिमीटर.

खाडीच्या गाळात तुला सगळ्यात आधी भेटेल तो अमोनिया. (नावावरून गॅस समजू नकोस, त्याचा संबंध नाही.) मी कालच एक स्लाइड बघत होते म्हणून नीट सांगते. चपटा शंख असावा तसं वळण, शेवटच्या वळणात सात-आठ खोल्या, काचेसारखं पांढुरकं कवच, आणि रोझ बेंगॉल नावाचा रंग दिलेला असल्यामुळे आतल्या खोल्या अशा गुलाबी-लाल दिसतात की डाळिंबाचा दाणा उजेडात धरलाय असं वाटतं. शेवटची खोली मात्र पुष्कळदा रिकामी आणि पांढरी, कारण त्रास झाला की तो आत सरकतो. हा गुलाबी, म्हणजे सॅम्पल काढलं तेव्हा यात जीवद्रव्य होतं. त्याच्या शेजारीच तशीच तीन कवचं पूर्ण पांढरी, ती मेलेली, ती कधीची आणि कुठली हे नुसतं बघून कुणीच सांगू शकत नाही. कालची असतील, पाचशे वर्षांपूर्वीची असतील, दहा किलोमीटरवरून भरतीने आणून टाकलेली असतील.

माझं पहिलं काम कोकणातल्या एका खाडीवर होतं. सॅम्पल आणली, वाळवली, रंग न देताच मोजली, कारण रंग देऊन दोन आठवडे थांबायला वेळ नव्हता असं मला तेव्हा वाटलं होतं. खाडीच्या बऱ्याच आत बोलिव्हिना या खुल्या समुद्राकडच्या फोरॅमची बारीक बारीक कवचं निघाली, सोबत चार-दोन तरंगत्या जातींची पिल्लंही, आणि मी लिहून मोकळी झाले की इथपर्यंत खुल्या समुद्राचं खारं पाणी कायम येतं आणि तिथली वस्ती तशी आहे. माझ्या गाइडनी एवढंच विचारलं, "यातले जिवंत किती?" उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच जागांवरून परत गाळ आणला, रंग दिला, तर बोलिव्हिना एकही गुलाबी नाही, जिवंत होता तो जवळजवळ सगळा अमोनियाच. ती बारीक कवचं चिखलाच्या कणांसारखी पाण्यात तरंगत भरतीबरोबर आत आलेली होती. त्यांच्यावरून भरतीचं पाणी कुठवर गाळ ओढून नेतं हे कळलं, ती माहितीही मोलाची आहे, पण वस्तीबद्दल मी लिहिलेलं वाक्य साफ चुकीचं होतं आणि ते मला रिपोर्टमधून काढावं लागलं.

रंगाची ही पद्धत वॉल्टनने १९५२ मध्ये आणली आणि अजून तीच चालते. पण तिच्यावर आंधळा विश्वास नको, कारण मेल्यानंतरही जीवद्रव्य आत आठवडे, कधी महिनेसुद्धा टिकतं आणि तेही रंग घेतं, शिवाय रिकाम्या कवचात एखादा बारीक कृमी शिरून बसला असेल तर तोही गुलाबीच दिसतो. म्हणून माझा नियम कडक आहे: शेवटच्या एक-दोन खोल्या सोडून बाकी सगळ्या खोल्यांत सारखा गडद रंग असेल तरच जिवंत, फिकट डाग असेल तर मेलेला. क्विंक्वेलोक्युलिनासारखी कवचं चिनीमातीसारखी अपारदर्शक असतात, त्यांना पाण्याचा थेंब लावून बघ, तरी शंका राहिली तर एखादं सुईने फोडून बघ.

आता गाळात किती खोल राहतो ते. ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडते. समुद्रतळ म्हणजे एक सपाट पृष्ठभाग असं आपण धरून चालतो, पण फोरॅमसाठी ती बहुमजली इमारत आहे. सिबिसिडॉइडिससारख्या काही जाती अगदी वर, दगडावर किंवा शिंपल्यावर चिकटून, वाहत्या पाण्यात. युव्हिजेरिना वरच्या एखाद-दोन सेंटिमीटरमध्ये. ग्लोबोबुलिमिना आणखी खाली, जिथे ऑक्सिजन संपलेला असतो. कोण कुठे राहणार हे दोन गोष्टी ठरवतात, वरून अन्न किती पडतंय आणि ऑक्सिजन गाळात किती खोल उतरतोय. १९९५ मध्ये जोरिसन आणि सहकाऱ्यांनी हे एका साध्या आकृतीत मांडलं: अन्न कमी असेल तर सगळे वरच राहतात, कारण खाली काही पोचतच नाही, अन्न मध्यम असेल तर सगळे मजले भरलेले, आणि अन्न फारच जास्त झालं तर ते कुजताना ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि खालचे रहिवासी परत वर ढकलले जातात. म्हणजे "ही जात कमी ऑक्सिजनची खूण" असं सुटं वाक्य लिहिता येत नाही, तिथे अन्न किती होतं हेही बघावं लागतं.

ऑक्सिजन नसताना ग्लोबोबुलिमिना जगतो कसा हे तर फार वर्षं कोडंच होतं. २००६ मध्ये स्वीडनच्या एका फ्योर्डमधल्या (जमिनीत शिरलेल्या खोल, अरुंद खाडीतल्या) गाळावर काम करून दाखवलं गेलं की तो नायट्रेट आपल्या पेशीत साठवतो आणि ऑक्सिजनच्या जागी ते वापरून श्वास घेतो, शेवटी नायट्रोजन वायू बाहेर सोडतो. हे काम तोपर्यंत बॅक्टेरियाचं समजलं जायचं.

कोण गाळात किती खोल राहतो याचा परिणाम थेट हवामानाच्या अभ्यासावर होतो, नीट बघ. कवच बांधताना आजूबाजूच्या पाण्यातला ऑक्सिजन आणि कार्बन त्यात बंद होतो. पाणी थंड असेल किंवा जगात बर्फ जास्त साठलेला असेल तर कवचात जड ऑक्सिजनचं (ऑक्सिजनच्या जास्त वजनाच्या प्रकाराचं) प्रमाण वाढतं. तळाचं पाणी तसंही थंड आणि त्याचं तापमान पृष्ठभागापेक्षा कमी हलतं, म्हणून शॅकलटनने १९६७ मध्ये म्हटलं की या बदलात मोठा वाटा बर्फाचा आहे. २००५ मध्ये लिसिएकी आणि रेमो यांनी ५७ ठिकाणच्या तळच्या फोरॅमचे आकडे एकत्र रचून ५३ लाख वर्षांचा आलेख केला, आज हिमयुगांच्या अभ्यासात तारखा लावायला जगभर तो वापरतात. पण त्याच पाण्यात, त्याच दिवशी वाढलेले सिबिसिडॉइडिस आणि युव्हिजेरिना घेतले तर जड ऑक्सिजनचा आकडा सारखा येत नाही, त्यांच्यात ०.६४ प्रति हजार एवढा फरक धरून दुरुस्ती करायची प्रथा आहे. कार्बनमध्ये तर आणखी गडबड, कारण गाळाच्या आत राहणारा गाळातल्या पाण्याचा कार्बन घेतो, समुद्राच्या पाण्याचा नाही. राहण्याची जागा न बघता दोन जाती एकत्र मिसळल्या तर लाखो रुपयांचं मशीन तुला अगदी अचूक चुकीचा आकडा देईल.

आपल्या अरबी समुद्रात हे सगळं मोठ्या प्रमाणावर बघायला मिळतं. साधारण १५० ते १२०० मीटर खोलीच्या पट्ट्यात पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, आणि तो पट्टा जिथे आपल्या किनाऱ्याच्या उताराला टेकतो तिथल्या गाळात बोलिव्हिना, बुलिमिना, युव्हिजेरिना यांची गर्दी असते. जाती कमी, संख्या प्रचंड. पावसाळा संपताना उथळ पाण्यातही पश्चिम किनाऱ्याला ऑक्सिजन खूप घटतो. मान्सून जोरात असला की खालचं खतावलेलं पाणी वर येतं, अन्न वाढतं, तळाला ऑक्सिजन आणखी कमी होतो, आणि हे सगळं कवचांच्या यादीत उतरतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर वर्षानुवर्षं काम केलंय. गुजरातमधल्या लोथल या सिंधू संस्कृतीच्या गावातल्या त्या मोठ्या विटांच्या हौदात, जी गोदी की तलाव यावर वाद होता, तिथल्या गाळात समुद्री फोरॅम सापडले हेही त्याच संस्थेचं काम, आणि समुद्राचं पाणी तिथपर्यंत येत होतं याला तो मोठा पुरावा ठरला.

प्रदूषणाबद्दल तू विचारलंस. इथे मी जरा कडक बोलणार आहे. वेडीवाकडी कवचं दिसली की "जड धातूंचं प्रदूषण" असं लिहायची घाई फार दिसते. अमोनिया तसा चिवट जीव, गोड्या-खाऱ्या पाण्याच्या चढउतारात राहणारा, आणि क्षारता झपाट्याने बदलली तरी त्याची कवचं वाकडी होतात. पावसाळ्यात आपल्या खाड्यांमध्ये वरून गोडं पाणी लोटतं तेव्हा हेच होतं. त्यामुळे वाकडी कवचं किती टक्के, ती जिवंतांत किती, नाल्यापासून लांबच्या स्वच्छ जागी किती, पावसाआधी किती आणि नंतर किती, आणि त्याच गाळाचं धातूंचं विश्लेषण, एवढं हातात असेल तर बोल. नुसत्या फोटोवरून कुठल्याही कारखान्यावर बोट ठेवू नकोस.

आता तुझा पहिला प्रश्न, नाशिक. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर पडणारा पाऊस एका अंगाने गोदावरीत जातो आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतो, आणि त्याच डोंगररांगांच्या दुसऱ्या अंगाने वैतरणा उतरते ती पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला. म्हणजे आपण दोन समुद्रांच्या पाणलोटावर बसलोय. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत पालघरचा किनारा साडेतीन-चार तासांत येतो. काळ्या दगडाचं म्हणशील तर या दगडाचंही फोरॅमशी नातं आहे: आपल्याकडचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच काळातला लाव्हा थेट राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला आहे, आणि तिथे दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात समुद्री फोरॅमिनिफेरा मिळतात. डायनोसॉर संपले त्या घटनेच्या तुलनेत खालचा लाव्हा कधी आला हे ठरवायला त्यांचा उपयोग झालाय. तेव्हा "नाशकात काय आहे" म्हणणाऱ्यांना हे सांग.

काम कसं करायचं ते सांगते. आतून आठ सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप घे, रविवार कारंजावर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात कापून मिळेल, क्षेत्रफळ जवळजवळ ५० चौरस सेंटिमीटर येतं. गाळात दाबायचा, झाकण लावून उचलायचा, आणि वरचा फक्त एक सेंटिमीटर पात्याने कापून बाटलीत. प्रत्येक जागी तीनदा, थोडं थोडं अंतर सोडून, कारण फोरॅम गाळात सारखे पसरलेले नसतात, हातभर अंतरावर संख्या दुप्पट होते. बाटलीत लगेच अल्कोहोल, लिटरला दोन ग्रॅम रोझ बेंगॉल घातलेलं, गाळाच्या दुप्पट तरी, आणि हलवून कमीत कमी १४ दिवस ठेव. फॉर्मालिन वापरणार असशील तर बोरॅक्स घालायला विसरू नकोस, नुसतं फॉर्मालिन हळूहळू आम्ल होतं आणि कवचं विरघळून जातात, मी पूर्ण बॅच गेलेली बघितलीय.

वेळेचं गणित मात्र नाशिकच्या माणसाला नीट करावं लागतं. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब मागे हटतं, पालघरकडे भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटर होतो, पण उधाणाची ओहोटी आपल्या किनाऱ्याला साधारण सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी सहा-सातला येते. सकाळी नाशिकहून निघालास तर पोचेपर्यंत भरती चढलेली. आदल्या दिवशी जा, तिथेच रहा, उजाडता उजाडता गाळात उतर, आणि एकटा उतरू नकोस, गावातला कोळी माणूस बरोबर घे, कुठे चिखल गिळतो हे त्यालाच माहीत असतं. तिवरांच्या आत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढ. तिवरांत वरच्या अंगाला ट्रोकॅमिना, मिलिअमिना असे वाळूचे कण चिकटवणारे फोरॅम मिळतील, भरतीच्या उंचीप्रमाणे त्यांचे पट्टे पडतात आणि त्यावरून जुनी समुद्रपातळी काढतात, स्कॉट आणि मेडिओली यांनी १९७८ मध्ये हे दाखवलं. खरं तर तुला विषय हवा असेल तर हाच घे.

परत आल्यावर धुलाई. ६३ आणि १२५ मायक्रॉनच्या चाळण्या, खाली येणारं पाणी नितळ होईपर्यंत हलक्या धारेने, बोटाने चोळायचं नाही. आणि इथे माझी एक गोष्ट ऐक. विद्यार्थ्यांना "गोड्या पाण्यात कवचवाले फोरॅम सहसा नसतात" हे दाखवायला मी आनंदवलीजवळून गोदावरीची वाळू आणली, धुतली, आणि ट्रेमध्ये तीन अमोनिया निघाले. दोन दिवस मी खरंच विचारात होते, कारण समुद्रापासून लांबच्या खाऱ्या तळ्यांतसुद्धा अमोनिया सापडल्याच्या नोंदी आहेत, पक्ष्यांच्या पायाला चिकटून जातो. मग चाळण भिंगाखाली धरली तर जाळीत आधीच्या खाडीच्या सॅम्पलची आणखी चार कवचं अडकलेली. तेव्हापासून प्रत्येक सॅम्पलनंतर चाळण मिथिलीन ब्ल्यूमध्ये बुडवते, जुनं काही राहिलं असेल तर ते निळं होतं आणि पुढच्या मोजणीत वगळता येतं. एक छोटी बाटली वर्षभर पुरते.

वाळवलेला माल सगळा मोजायचा नसतो, रांगोळीसारखा ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन घ्यायचे, परत तसंच, असं करत सुमारे ३०० कवचं राहतील एवढा भाग आण. ३०० च का, तर एखादी जात १० टक्के निघाली तर खरा आकडा साधारण साडेसहा ते साडेतेराच्या मध्ये असेल असं म्हणता येतं, १०० च मोजले तर तोच पल्ला चार ते सोळा होतो आणि मग दोन जागांची तुलनाच करता येत नाही. जिवंत कमी निघतील, खाडीत पुष्कळदा निघतात, तर भाग न करता सगळं सॅम्पल बघ. काळा ट्रे, तीन शून्यांचा ब्रश, टोक ओलं करून एकेक कवच उचलायचं आणि डिंकाचं पातळ पाणी लावलेल्या स्लाइडवर ठेवायचं. पहिले पंधरा दिवस मान आणि डोळे दुखतील, एका बैठकीत तासाच्या वर बसू नकोस. कॉलेजचा स्टिरिओ मायक्रोस्कोप ४०-५० पट दाखवत असेल तर पुरतो, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो शेवटी आठ-दहा जातींचे लागतील, त्यासाठी पुण्यात आघारकर संस्थेत विचार, तिथे फोरॅमवर काम करणारी मंडळी आहेत.

जिवंत आणि मेलेले यांचे तक्ते पहिल्यापासून वेगळे ठेव, दोन वेगळ्या वह्या कर म्हणजे मिसळणारच नाहीत. एकच खाडी, मुखाजवळ एक, मध्ये एक, आत एक अशा तीन जागा, पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. तीन जागा, तीनदा, दोन हंगाम, अठरा बाटल्या. एका माणसाला वर्षभराला हे भरपूर आहे, कुणी वाढवायला सांगितलं तरी वाढवू नकोस. पाण्याची क्षारता आणि तापमान तिथल्या तिथे मोज आणि बाटलीवर तारीख, घड्याळातली वेळ, ओहोटी किती वाजताची होती हे पेन्सिलीने लिहून कागद आतही टाक, बाहेरची शाई अल्कोहोलने पुसली जाते.

डिसेंबरातल्या अमावस्येच्या सुमारास मी पालघरला जाणार आहे. येणार असशील तर पाइप तूच कापून आण, व्यास आतून मोज, बाहेरून नाही.